यमुनेला सनावळीतून बाहेर काढताना

‘मराठीतील पहिली कादंबरी कोणती?’ स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत हा प्रश्न हमखास असतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : बाबा पदमनजी, ‘यमुनापर्यटन’, १८५७. एका गुणाचे उत्तर. ते पाठ असणारे पुष्कळ, पुस्तक उघडून पाहणारे फार थोडे. याचे कारण केवळ आळस नव्हे. ‘ते मिशनऱ्यांचे प्रचारपुस्तक आहे’ हे एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकांकडून विद्यार्थ्यांकडे आले आणि त्या वाक्यानेच वाचनाची जागा घेतली. हा थ्रेड त्या वाक्याविषयी आहे, आणि त्या वाक्याआड दिसेनाशा झालेल्या एका लेखकाविषयी.

आरंभी साल नीट पाहावे. १८५७ म्हटले की मेरठ, झाशी, कानपूर डोळ्यांपुढे येतात. मराठी भाषेपुरते पाहिले तर त्याच वर्षी मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि ‘यमुनापर्यटन’ छापले गेले. योगायोगाची आणखी एक गंमत अशी की, मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि बाबा पदमनजींचा जन्मही १८३१ चा. पुढे १८६३ मध्ये त्याच कोशाची संक्षिप्त आवृत्ती पदमनजींनीच सिद्ध केली. ज्या भाषेचे शब्द नुकतेच मोजून, पारखून कोशात बसवले जात होते, त्या भाषेत हा मनुष्य कादंबरी लिहीत होता. ‘कादंबरी’ हा शब्द तेव्हा बाणभट्टाच्या नायिकेचे नाव होता, साहित्यप्रकाराचे नाव म्हणून तो अजून रुळायचा होता.

पदमनजी बेळगावचे, कासार ज्ञातीतले. मिशनच्या शाळेत शिक्षण, पुढे मुंबईत फ्री चर्चच्या संस्थेत. तेथे ते परमहंस मंडळीत गेले. १८४९ मध्ये सुरू झालेली ही गुप्त सभा जातिभेद न मानणाऱ्यांची होती. जातिभेद मोडायचा, पण कोणाला कळू द्यायचे नाही, असा तिचा खाक्या. या मंडळीविषयी आज जे काही ठाऊक आहे, त्याचा बराच भाग पदमनजींच्या लेखनामुळे ठाऊक आहे. मात्र लपून बाळगलेल्या विश्वासात ते फार काळ रमले नाहीत. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावला त्यांनी उघडपणे बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ते २३ वर्षांचे होते. कादंबरी त्यानंतर तीनच वर्षांत आली.

ही पार्श्वभूमी मनात ठेवली की कादंबरीतील विनायकराव निराळा दिसू लागतो. तो यमुनेचा नवरा. दोघेही मनाने ख्रिस्ताकडे वळलेले, पण जगापुढे ते सांगण्याचे धैर्य नसलेले. दाराला कडी लावून प्रार्थना करणारे हे जोडपे म्हणजे परमहंस मंडळीची माजघरातली आवृत्तीच. आपण जे सोडून आलो त्याच अवस्थेत लेखकाने आपला नायक उभा केला आणि कादंबरी संपण्याआधी त्याला मृत्यूही दिला. केवळ प्रचार करायचा असता तर धीट, निःशंक नायक अधिक सोयीचा होता.

कादंबरीचा सांगाडा साधा आहे. हे सुशिक्षित जोडपे प्रवासाला निघते. वाटेत, मुक्कामाच्या घरी, ओळखीपाळखीच्या कुटुंबांत यमुनेला विधवा भेटतात. प्रत्येकीची हकीकत निराळी आणि शेवट बहुधा एकच. मग विनायकराव जातो आणि दुसऱ्यांच्या हकीकती ऐकणारी यमुना स्वतःच हकीकत होते. अखेरीस ती उघडपणे ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. ‘हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे उपशीर्षक पुस्तकाला उगाच दिलेले नाही. आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. कायद्याने दार उघडले होते, पण उंबरठा ओलांडणारी बाई कशी असेल, ती बोलेल काय, याचे चित्र मराठी गद्यात कोणी रेखाटले नव्हते.

प्रवासाचा हा घाट त्याआधीच मराठीत पोहोचला होता, आणि तोही ख्रिस्ती कथेच्याच वाटेने. हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे भाषांतर केले. विनाशनगरातून निघालेला एक यात्रिक चिखल, बाजार, संशयाचा किल्ला असे टप्पे ओलांडत स्वर्गनगरीला पोहोचतो, ही ती कथा. बन्यनच्या यात्रिकाला वाटेत दुर्गुण आणि सद्गुण माणसांच्या वेषात भेटतात. यमुनेला भेटतात त्या हाडामांसाच्या बाया. या एका फरकात रूपककथा आणि कादंबरी यांमधले सगळे अंतर सामावलेले आहे.

येथे बन्यनपाशी थोडे थांबणे इष्ट. कारण ख्रिस्ती कथालेखकाची मूळ पंचाईत त्याच्याइतक्या उघडपणे क्वचितच कोणी मांडली असेल. बन्यन हा भांडी दुरुस्त करणारा तांबटकाम्या. परवान्याविना प्रवचने केली म्हणून १६६० पासून सुमारे बारा वर्षे तो बेडफर्डच्या तुरुंगात होता. बाहेर बायको, मुले, त्यांतली एक मुलगी आंधळी. कोठडीत बसून तो नाड्या वळीत असे आणि त्या विकून घरी चार पैसे पाठवीत असे. याच कोठडीत ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ची सुरुवात झाली असे मानतात. पुस्तक निघाले १६७८ मध्ये.

पण त्याला जाचणारा प्रश्न तुरुंगाचा नव्हता. गोष्ट रचणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे काय? सत्यधर्माचा उपदेशक कल्पित माणसे कशी निर्माण करील? पुस्तकाच्या पद्य प्रस्तावनेत तो सांगतो की हस्तलिखित मित्रांना दाखवले तेव्हा काहींनी छाप म्हटले, काहींनी छापू नको म्हटले. मग त्याने स्वतःचा निर्णय घेतला आणि समर्थन केले ते ख्रिस्ताच्याच दाखल्यांचे. शास्त्रातच जर रूपके व दृष्टांत आहेत, तर भांडी सांधणाऱ्याने एक रचला म्हणून काय बिघडले, असा त्याचा युक्तिवाद.

हा संकोच नंतर दोन शतके टिकला. एकोणिसाव्या शतकातील कर्मठ मिशनरी घरांत कादंबरी ही वेळ नासवणारी, मन बिघडवणारी वस्तू मानली जाई. म्हणजे ख्रिस्ती कादंबरीकाराच्या एका बाजूला ‘हा धर्मप्रचारक’ म्हणून नाक मुरडणारे वाचक आणि दुसऱ्या बाजूला ‘हा कथा रचतो’ म्हणून भुवया उंचावणारे स्वधर्मीय. ‘यमुनापर्यटना’त मधूनमधून येणारी प्रवचने वाचताना हे विसरू नये. ती प्रवचने वाचकाला उद्देशून आहेतच, पण काही अंशी तो लेखकाचा प्रवेशपरवानाही आहे.

याचा अर्थ ती प्रवचने चांगली आहेत असा नाही. ती कंटाळवाणी आहेत. एक पात्र शंका विचारते, दुसरे तिचे समाधान करते, पहिले लगेच निरुत्तर होते. खऱ्या आयुष्यात इतक्या लवकर निरुत्तर होणारा ब्राह्मण पुण्यात काय, बेळगावातही सापडला नसता. विनायकरावाचा मृत्यूही कथानकाला हवा त्या घटकेला येतो. या दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु दोष आहेत म्हणून पुस्तक बंद करायचे ठरवले, तर एकोणिसाव्या शतकातील कोणती मराठी कादंबरी उघडी राहील?

पुढच्या दशकात काय लिहिले गेले ते पाहावे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. राजपुत्र, सुंदऱ्या, कारस्थाने, अद्भुत योगायोग. रिसबुडांनी प्रस्तावनेत याचे कारणही प्रांजळपणे दिले आहे. आपल्या लोकांतील विवाहाची रीत आणि एकंदर राहणी अशी की तीत कादंबरीला पुरेल असे मनोरंजक काही घडतच नाही, म्हणून अद्भुताचा आधार घ्यावा लागतो, असा त्यांचा आशय. लहानपणी लग्न लागून गेलेल्या माणसांच्या आयुष्यात लिहिण्याजोगे काय असणार!

याच प्रश्नाचे उत्तर पदमनजींनी अकरा वर्षे आधी देऊन ठेवले होते. लहानपणी लग्न लागले आणि नवरा मेला, तर त्या मुलीच्या आयुष्यात काय काय घडते, हेच तर त्यांनी लिहिले. न्हाव्याचा वस्तरा, एक वेळचे जेवण, दिराची नजर, सासूची बोलणी, देवदर्शनालाही तोंड चुकवून जाणे. ज्या घरात रिसबुडांना काही दिसेना, त्याच घराच्या मागील दारी पदमनजी जाऊन उभे राहिले. आणि त्यांना तेथे उभे राहता आले, याचे एक कारण ते त्या घराबाहेर पडलेले होते, हे आहे. आपलेच घर आपण बाहेरच्या अंगणातून पाहिले की आतल्यांना दिसत नाही ते दिसते. मिशनने पदमनजींना जी दृष्टी दिली तिचा हा भाग मान्य करायला हरकत नसावी. त्यासाठी मिशनचे बाकीचे सगळे मान्य करावे लागत नाही.

भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना वास्तवाकडे जाणाऱ्या प्रवृत्तीला ‘यमुनापर्यटना’चेच नाव दिले. ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या दुसऱ्या दोन. म्हणजे जाणत्या समीक्षेने या पुस्तकाला केव्हाच न्याय दिला आहे. अडले आहे ते सामान्य वाचनापाशी.

हा पेच एकट्या मराठीचा नाही. बंगालीत हॅना कॅथरिन मलेन्स यांचे ‘फुलमणि ओ करुणार बिबरण’ १८५२ मध्ये आले, पण पहिल्या कादंबरीचा मान बहुधा दिला जातो तो १८५८ च्या ‘आलालेर घरेर दुलाल’ला. मल्याळममध्ये मिसेस कॉलिन्स यांच्या कथेचे ‘घातकवधम्’ हे रूपांतर १८७७ चे, तरी मान १८८९ च्या ‘इंदुलेखे’चा. दोन्हीकडे मिशनच्या छापखान्यातून आलेले पुस्तक आधीचे आणि मानाचे पान नंतरच्याला. त्या मानाने मराठी उदार निघाली, तिने पदमनजींना मान दिला. वाचले मात्र नाही.

आता लेखकाच्या दिनक्रमाकडे वळावे. कारण ‘मिशनचा लेखक’ म्हटले की लोकांना वाटते, पगार मिळत होता, छापखाना हाताशी होता, मग अडचण कसली?

अडचण तीच. पदमनजींच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके आहेत. निबंध, चोपडी, धर्मचर्चा, कोश, नव्या करारावरील टीका, भाषांतरे. ‘सत्यदीपिके’सारख्या नियतकालिकांचे संपादन वेगळेच. काही वर्षे पुण्याच्या फ्री चर्चचे पाळकपद, नंतर मुंबईत ट्रॅक्ट सोसायटीच्या पुस्तकांचे संपादन. पाळकाचा दिवस म्हणजे आजारी माणसाची भेट, मयत, बाप्तिस्मे, भांडणे मिटवणे, रविवारचे प्रवचन. संपादकाचा दिवस म्हणजे दुसऱ्यांची हस्तलिखिते नीट करणे, मुद्रिते तपासणे, छापखान्याकडे तगादा लावणे. सोसायटीची पुस्तके समितीच्या नजरेखालून जात. समितीला हवी असत अल्प मोलाची, थोड्या पानांची, सरळ उपदेशाची पुस्तके. लेखणीला विसावा नव्हता, पण तिची वाट दुसऱ्यांनी आखलेली होती.

आणि ‘यमुनापर्यटना’च्या तोडीची दुसरी कादंबरी त्यांच्या हातून झाली नाही. तिशीही न गाठलेल्या तरुणाने भाषेतील पहिली कादंबरी लिहावी, पुढे जवळजवळ पन्नास वर्षे अखंड लिहीत राहावे आणि त्या वाटेला मात्र पुन्हा तसे जाऊ नये, ही मराठी साहित्यातील एक मोठी हानी आहे. तिचे खापर एकट्या मिशनवर फोडता येणार नाही. कादंबरीला वाचक लागतो. हिंदू वाचकाच्या दृष्टीने हे पुस्तक बाटग्याचे. ख्रिस्ती वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे आणि बहुतेक गरीब. स्त्रियांसाठी लिहावे तर साक्षर स्त्रिया किती? कोशाला गिऱ्हाईक होते, चोपड्यांना सोसायटी होती, कादंबरीला कोणीच नव्हते. लेखक बहुधा प्रतिभेच्या अभावी थांबत नाही, असल्या हिशेबापुढे थांबतो.

याच प्रदेशातील दुसरी एक लेखिका तर मराठी याद्यांत सापडतच नाही. कृपाबाई सत्यनाधन. १८६२ मध्ये अहमदनगरला जन्म, आईवडील ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले, माहेरचे आडनाव खिस्ती. वडील लहानपणीच गेले, वाचनाची गोडी लावणारा थोरला भाऊ भास्करही अकाली गेला. १८७८ मध्ये त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तेव्हा स्त्रीने वैद्यक शिकणे ही अपूर्वाई होती. वर्षभरात प्रकृती ढासळली आणि ते शिक्षण सुटले. १८८३ मध्ये सॅम्युएल सत्यनाधन यांच्याशी विवाह झाला, मग नवऱ्याच्या नोकरीनुसार बिऱ्हाड फिरत राहिले. उटकमंडला त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा चालवली. मूल झाले, तेही दगावले.

या सगळ्यातून ‘सगुणा’ लिहिली गेली. १८८७–८८ मध्ये ती मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः आली. इंग्रजीत लिहिणाऱ्या पहिल्या मोजक्या भारतीय स्त्री-कादंबरीकारांत त्यांची गणना होते. ‘सगुणा’ ख्रिस्ती कुटुंबाची कथा आहे, बरीचशी आत्मचरित्रात्मक. दख्खनमधल्या एका बाटलेल्या घरात ओढाताण कशी चालते, आईची जुनी सवय आणि नवा धर्म एका चुलीपाशी कसे नांदतात, हे तिच्यात आहे. गोऱ्या मिशनरी बायकांच्या वरचढ वागण्याची खबरही तिच्यात घेतली आहे. ख्रिस्ती कथा म्हणजे मिशनची तळी उचलणे, असे मानणाऱ्यांनी ही पाने अवश्य पाहावीत.

दुसरी कादंबरी ‘कमला’, १८९४. ती त्यांनी आजारपणातच पूर्ण केली आणि त्याच वर्षी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्या गेल्या. ‘सगुणा’ पुस्तकरूपाने निघाली ती त्यांच्या पश्चात. ‘कमले’ची नायिका हिंदू ब्राह्मण मुलगी. तिला वैधव्य येते. पुढे तिच्यावर जीव असणारा पुरुष लग्नाचे विचारतो आणि ती नकार देते. लेखिका जन्मापासून ख्रिस्ती, पण नायिकेला बाप्तिस्मा दिलेला नाही आणि पुनर्विवाहही लावून दिलेला नाही. पदमनजींच्या यमुनेला जी दोन दारे उघडली, ती दोन्ही कमलेच्या पुढे बंद राहतात, आणि त्यांतले एक तर ती स्वतःच लावून घेते. नकार देणाऱ्या कमलेची घुसमट लेखिकेला कळत होती. उपदेशापुरते लिहायचे असते तर तिने हा शेवट निवडला नसता.

आता तिसरी. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणुकी’त क्रमशः आली. तिची निवेदक नायिका यमू, म्हणजे यमुनाच. नाव तेव्हा घरोघरचे होते, त्यामुळे आपट्यांनी पदमनजींवरून ते उचलले असे तर्क लढवण्याचे कारण नाही. पण इतिहासाच्या वाचकाला दोन यमुना शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही. आपट्यांची यमूही विधवा होते, तिचेही केशवपन होते, तेही जबरदस्तीने. पदमनजींची यमुना वस्त्राच्या धारेपलीकडे निघून जाते. आपट्यांची यमू जात नाही. ती मरते.

कलाकृती म्हणून आपट्यांची कादंबरी कितीतरी सरस. यमूचे बोलणे, माहेरच्या आठवणी, मामंजींच्या घरातला तो कोंदटपणा, हे सगळे पदमनजींना साधले नव्हते आणि साधणे शक्यही नव्हते. मधल्या तेहेतीस वर्षांत मराठी गद्य फार पुढे गेले होते. शिवाय आपटे काही निवांत बसून लिहीत नव्हते. साप्ताहिक चालवायचे, आनंदाश्रमाची व्यवस्था पाहायची, आणि दर आठवड्याला कादंबरीचे प्रकरण छापखान्यात पोहोचवायचे. त्यांच्या काही कादंबऱ्या पसरट झाल्या, काही अपुऱ्या राहिल्या, त्याला ही घाईही कारण आहे. खिळे जुळवणारा प्रकरणाची वाट पाहत बसलेला असताना लेखक वाक्य दोनदा घासत नाही.

परंतु एक प्रश्न विचारायलाच हवा. आपटे उपदेश करीत नाहीत काय? त्यांच्या पुस्तकाचे नावच मुळी वाचकाला दिलेला ठपका आहे. सुधारणेचा पुरस्कार पानोपानी आहे. शिकलेला नवरा म्हणजे चांगला, कर्मठ सासरा म्हणजे कपटी, ही विभागणी पदमनजींइतकीच ठळक आहे. तरी त्याला ‘सामाजिक कादंबरी’ म्हणायचे आणि पदमनजींच्या पुस्तकाला ‘प्रचार’. दोघांनी प्रश्न तोच उचलला, रूढीवर बोट तेच ठेवले. फरक उत्तरात आहे. आपट्यांचे उत्तर वाचकाला आपल्या घरातले वाटले, पदमनजींचे परक्याच्या घरातले. उपदेश आवडला की त्याला तळमळ म्हणायचे आणि नावडला की प्रचार, ही मोजपट्टी साहित्याची नव्हे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा थ्रेडच वकिली होईल. पदमनजींचे उत्तर वाचकाला परके वाटले, यात वाचकाची सगळी चूक नव्हती. विधवेला माणूस म्हणून जगायचे असेल तर तिने धर्म सोडावा, हे उत्तर लाखो विधवांच्या कामाचे नव्हते. ज्या बाईला धर्म सोडायचा नाही तिचे काय, याचा विचार त्यांच्या कादंबरीत नाही. तो कृपाबाईंनी केला, तोही स्वतः ख्रिस्ती असून. म्हणून या परंपरेचे मोठेपण मोजताना ‘यमुनापर्यटना’वर थांबता येत नाही.

ख्रिस्ती मराठी लेखनातले जे पुस्तक सर्वांनी डोक्यावर घेतले ते कादंबरी नाही, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून ती प्रसिद्ध होऊ लागली. नवरा ख्रिस्ती झाला, संसार मोडला, काही वर्षांनी पुन्हा जुळला, मग बाई स्वतः ख्रिस्ती झाली, आणि हे सगळे तिने हसत हसत सांगितले. रूढ अर्थाने शिक्षण नाही, जोडाक्षरांशी झटापट, पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याचे ओझे अंगावर, आणि घरात सदैव आलेगेले. लेखनासाठी स्वतंत्र खोली, स्वतंत्र वेळ या गोष्टी त्यांच्या वाट्याला कधी आल्याच नाहीत. तरीही त्या पुस्तकात एकही प्रवचन नाही. लोकांना वाटते, ‘स्मृतिचित्रे’ ख्रिस्ती असूनही आवडतात. खरे तर सोवळ्याच्या घरातून बाहेर पडून त्याच घराकडे मायेने पाहता येणे, ही त्या पुस्तकाची दृष्टी बाप्तिस्म्याविना आली नसती. पदमनजींना घर सोडताना जी कटुता आली ती लक्ष्मीबाईंपर्यंत निवली होती. त्यामध्ये ७७ वर्षे गेली.

ज्यांना ‘यमुनापर्यटन’ प्रत्यक्ष वाचायचे असेल त्यांच्यासाठी एक सूचना. पहिल्या वाचनात धर्मचर्चेची पाने खुशाल ओलांडावीत. विधवा बोलू लागतात तेथे थांबावे, कोण कोणाला कशी हाक मारते, कोण कोणासमोर बोलायचे थांबते, जेवणाच्या पंक्तीत कोण कोठे बसते, हे पाहावे. १८५७ च्या मराठी घराचा इतका आतला वृत्तांत बखरीत मिळत नाही आणि सरकारी दप्तरातही मिळत नाही. मग ‘पण लक्षात कोण घेतो!’ घ्यावी, त्यानंतर ‘कमला’. तिन्ही झाल्यावर पुन्हा पदमनजींकडे येऊन त्या ओलांडलेल्या पानांवर नजर टाकावी. दाराला कडी लावून प्रार्थना करणारा विनायकराव तेव्हा निराळ्याच आवाजात बोलताना ऐकू येतो.